उघाडी

आप्पांच्या रक्ताची काच मीच रंगवली.
जांभळा रंग, दोन मिनिटं, मग नळाचं पाणी.
रत्नागिरीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं हेच करते,
पांढऱ्या पेशी मोजते.
अंगठ्याखाली काउंटर टिकटिकतो,
शंभर झाल्या की घंटी.

त्या दिवशीही वाजली.
चार हजारांच्या आसपास. फार कमी नाहीत.
आकडा कागदावर लिहिता येतो,
हाक मारली तर यातल्या किती उठतील
ते लिहायला रकाना नाही.

पूर्णगडच्या खाडीवर आमचं खाजण.
एकोणचाळीस वर्षं आप्पांनी त्याचा बांध राखला.
भरतीला उघाडीची फळी खाली, ओहोटीला वर,
उधाणाच्या रात्री कंदील घेऊन
एकेक बीळ चिखलाने बुजवत.
कुर्ली पोखरते, पाणी नुसतं मागून येतं,
पाण्याला बोल लावू नये, म्हणायचे.
कर्करोग हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा
खाटेवरून हसले,
म्हंजे कुर्लीच की ती!

घ्यायचे का हो? अख्खी वाडी विचारून गेली.
नाही. माडाखाली जन्म गेला,
माडीचा थेंब नाही.
कधीतरी कुठल्याशा सुईतून आलेली कावीळ,
तीस वर्षं शब्दही न बोलता राहिली.

डॉक्टर बेर्ड्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर यकृत काढलं,
आमच्या पडवीसारखं तिरकं.
म्हणाले, हा अवयव सोशिक.
आतड्यातून येणारं सगळं आधी ह्याच्या दारात,
प्रत्येक परक्याशी भांडत बसला
तर माणूस जेवणार कसा?
म्हणून इथल्या पहारेकऱ्यांना गप्प बसायची सवय.
गाठीला ती सवय ठाऊक असते.

मला आमची पडवी आठवली.
तरीतून उतरलेल्या कुणालाही गूळपाणी,
कुणाचा कोण विचारायचं नाही.
तसाच एक आला असणार.
चटई मागितली, भिंतीला टेकला,
मग राखणदारांनाच म्हणाला,
दमलात रे, पडा जरा,
मी घरचाच आहे.
आणि ते पडले. उघड्या डोळ्यांनी.
डाव्या बाजूला पाणथरी फुगली,
आपलेच शिपाई गिळून बसली.

मार्गशीर्षातल्या पुनवेला
मला न सांगता ते उधाण बघायला गेले.
पायाला कालव लागलं, बोटभर चीर.
अशी शंभरदा लागली असतील,
चुन्याचं बोट, तंबाखूची चिमूट,
दुसऱ्या दिवशी परत चिखलात.
मी बॅटरी मारून बघितलं,
लाल नाही, सुजलेलं नाही.
मला बरं वाटलं.

मला!
जिला ठाऊक आहे
की सूज म्हणजे कुणीतरी धावून आलंय.

तिसऱ्या रात्री हीव भरलं.
पावसच्या वळणांवर गाडीत
त्यांचं डोकं माझ्या मांडीवर निखाऱ्यासारखं.
अकरा दिवस सलाईनमधून भाडोत्री फौज उतरवली
तेव्हा कुठे खारं पाणी ओसरलं.
ह्या वेळेपुरतं, बेर्डे म्हणाले.
खाडीत पाय नाही, कालवं नाहीत.

अमावास्येला बांधावर मी गेले.
आई बॅटरी धरून, फोन पदरात,
फोनमधून आप्पा:
डोळ्यांनी नको, हात घाल,
वारं लागलं तर बीळ आरपार आहे.
कोपरापर्यंत हात घातला
आणि आतून कुणीतरी करकचून चावलं.

सकाळी बोट टम्म, लालबुंद.
खाटेशी बसून दाखवलं
तर त्यांनी ते मुठीत घेतलं,
गरम आहे का बघितलं,
मी मेण्याच्या काचेकडे बघते तसं, बराच वेळ.

ठणकतंय?
हो.
ठणकू दे.

मग तोंड भिंतीकडे वळवून,
फळी नीट बसवलीस ना?
डावीकडे थोडी अडते ती.